सायकलची फ्रेम कोण खातं?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. शाळा कॉन्व्हेंट, मराठी तिसरी भाषा. पेपर शंभर मार्कांचा आणि भीती दोनशे मार्कांची. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने काढल्या असतीलच. गणितात चूक सापडली तर मात्र ती शंभर टक्के माझी.

विषय सायकलचा आहे. माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, एम.एस.साठी जर्मनीला गेला तेव्हा त्याची माउंटन बाइक माझ्या ताब्यात देऊन गेला. २०१४ साली घेतलेली, ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे तीन चेनरिंग, मागे आठ. देताना म्हणाला, "वापर बिनधास्त. पण मी परत आलो की ती मला हवीये, आणि चालवण्याच्या अवस्थेत हवीये." आता 'चालवण्याच्या अवस्थेत' याचा अर्थ काय, हे मला दीड वर्षाने कळलं.

ज्यांच्याकडे गिअरची सायकल आहे त्यांनी आत्ता पार्किंगमध्ये जाऊन बघा. हँडलपासून निघालेल्या केबल फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीला, म्हणजे हेड ट्यूबला, दोन्ही बाजूंनी टेकलेल्या असतात. हँडल वळलं की त्या थोड्या सरकतात. तिथला रंग आधी मंद होतो, मग पांढुरका, आणि एक दिवस आतली चांदी दिसायला लागते. दुसरी जागा मागे. पायडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी उजवी आडवी नळी, चेनस्टे. तिच्यावर चेन आपटते. खड्ड्यातून गेलात की जो 'टण्ण' आवाज येतो तो तिथलाच.

माझ्याकडच्या सायकलचा हेड ट्यूबवरचा रंग जानेवारीत गेला. मी घाबरले आणि घरातल्या कोणीही केलं असतं तेच केलं. जुन्या मोज्याचा तुकडा कापला, केबलखाली ठेवला, वरून काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली. मऊ कापड आहे, आता घासणार नाही, असा विचार. मार्चमध्ये टेप काढली तर खाली नुसता रंग गेलेला नव्हता, चक्क खाच पडली होती. लखलखीत, आणि तिच्यात काळी पेस्ट भरलेली. मोजा लावायच्या आधी खाच नव्हती. म्हणजे मी फ्रेम वाचवायला गेले आणि तिला खायची सोय करून ठेवली.

हे का झालं ते मला कळेना. प्लॅस्टिकचा आउटर आणि सुती मोजा, दोन्ही मऊ. ॲल्युमिनियमला नखाने ओरखडा पडत नाही, मग मोज्याने कसा पडला?

उत्तर मिळालं एस.ई.च्या ओरलला, आणि तेही चुकीचं उत्तर दिल्यामुळे. सरांनी विचारलं, "लॅपिंग करताना लॅप जॉबपेक्षा मऊ घ्यायचा की कठीण?" मी आत्मविश्वासाने सांगितलं, "कठीण." सर शांतपणे म्हणाले, "मग घासलं कोण जाईल?" मी म्हटलं, "जॉब." "नाही, लॅप. विचार करा आणि पुढच्याला आत पाठवा."

बाहेर येऊन पुस्तक उघडलं. (ओरलच्या आधी उघडायचं असतं, माहीत आहे.) लॅपिंगमध्ये कठीण पोलादी गेज घासायला ओतीव लोखंडाचा मऊ लॅप वापरतात, मध्ये अपघर्षक पूड टाकतात. पुडीचे कण मऊ लॅपमध्ये रुततात आणि तिथे घट्ट बसतात. कठीण जॉबमध्ये ते रुतू शकत नाहीत, म्हणून त्याच्यावरून खरवडत जातात. म्हणजे मऊ वस्तू स्वतः घासत नाही, ती फक्त कण धरून ठेवते. झिजते ती कठीण वस्तू! पॉलिश पेपरमध्ये तरी काय असतं? कागदच ना? कागद मऊ आहे म्हणून कोणी गालावर फिरवून बघतं का?

माझा मोजा म्हणजे हाताने शिवलेला पॉलिश पेपर होता. आणि त्यावर पूड टाकायचं काम पानशेतच्या बाजूच्या कच्च्या वाटेने केलं.

आता ही पूड किती कठीण असते ते बघू. इथे सिव्हिलच्या मैत्रिणीची मदत झाली. तिला इंजिनिअरिंग जिऑलॉजी होतं, आम्हाला नाही. आपला दगड बेसाल्ट. त्यात मुख्यतः फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन. मोहच्या कठीणपणाच्या मापावर फेल्डस्पार ६, पायरॉक्सीन ५ ते ६. बेसाल्टमधल्या पोकळ्यांत जी गारगोटी सापडते ती क्वार्ट्झ, म्हणजे ७. आणि ॲल्युमिनियम? ३ च्या आत. सायकलच्या फ्रेमला बहुतेक वेळा ६०६१-टी६ हा मिश्रधातू असतो. शुद्ध ॲल्युमिनियमपेक्षा तो बराच कठीण असला तरी त्याचा व्हिकर्स आकडा शंभराच्या आसपासच भरतो. क्वार्ट्झचा आकडा हजाराच्या घरात जातो. घासणारा कण पृष्ठभागापेक्षा साधारण १.२ पट कठीण असला तरी ओरखडा पडायला पुरतो, असं ट्रायबॉलॉजीत शिकवतात. इथे तर सामना एकतर्फीच आहे. पोलादी फ्रेमवाल्यांनी खूश होऊ नये, साधं पोलादही या धुळीपुढे मऊच.

आणि ती काळी पेस्ट? ॲल्युमिनियमवर नेहमीच ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो, काही नॅनोमीटरचा. घासून तो निघतो, खालचा नवा धातू लगेच हवेशी संयोग पावतो, परत निघतो. हा चुरा धूळ आणि चेनच्या तेलात मिसळून काळा दिसतो. ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे एमरी पेपरवर असतो त्याच जातीचा पदार्थ. एकदा झीज सुरू झाली की फ्रेम स्वतःच पूड पुरवते. मला तर हे वाचून वाईटच वाटलं.

थोडं गणित करते. कंटाळा येणाऱ्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण सबमिशनमध्ये कधी उपयोगी पडेल.

आर्चर्ड यांनी १९५३ साली मांडलेलं झिजेचं सूत्र असं: निघालेल्या धातूचं घनफळ = स्थिरांक × दाबणारं बल × घसरलेलं अंतर ÷ कठीणपणा. बल धरलं १ न्यूटन, कारण केबल हलकीच टेकलेली असते. एका फेरीत हँडलचे लहान-मोठे वळसे आणि हादरे मिळून १० मीटर घसरण धरली. कठीणपणा चौरस मिलिमीटरला साधारण १००० न्यूटन. मध्ये धूळ असताना स्थिरांक ०.००१ धरला. एका फेरीत ०.०१ घन मिलिमीटर. जानेवारी ते मार्च माझ्या साठेक फेऱ्या झाल्या, म्हणजे ०.६ घन मिलिमीटर. प्रत्यक्षात खाच मोजली (कशी ते पुढे सांगते) तेव्हा साधारण २ घन मिलिमीटर निघाली. तिपटीने चुकलं. सर म्हणाले, झिजेच्या गणितात दहापटीच्या आत आलात तरी पास समजा. या सूत्रातली गंमत बघा. कठीणपणा आपल्या हातात नाही, फ्रेम आहे ती आहे. हातात तीन गोष्टी: बल, अंतर, आणि स्थिरांक, म्हणजेच धूळ. मोज्याने यातली एकही कमी केली नाही. उलट टेप करकचून आवळल्याने बल वाढलं आणि धूळ कोंडली गेली.

म्हणून पहिलं काम काहीही चिकटवण्याचं नाही. पहिलं काम केबलचं अंतर आणि बल कमी करण्याचं. केबल कुठे टेकते ते शोधायला फळ्याचा खडू बारीक करून फ्रेमवर बोटाने चोळायचा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवायचं. जिथे खडू पुसला गेला ती जागा. वर्कशॉपमध्ये स्क्रेपिंग करताना निळा रंग लावतो ना, तीच युक्ती उलटी. माझ्या सायकलवर मला दोन जागा माहीत होत्या, खडूने पाच दाखवल्या. त्यातली एक मागच्या ब्रेकच्या केबलची, सीटखालच्या नळीवर, जिथे मी कधी बघितलंच नव्हतं.

मग आउटरची लांबी. फार लांब असेल तर केबल फुगा करून फ्रेमवर रेलते, फार आखूड असेल तर हँडल वळताना ताणून दाबते. हँडल पूर्ण वळवल्यावर ताण येणार नाही इतकी लांब, त्याहून जास्त नाही. उजव्या हाताच्या गिअरची केबल हेड ट्यूबच्या डाव्या बाजूने नेली तर वळण मोठं आणि सैल मिळतं, टेकणंही कमी होतं. फ्रेमवर आउटर अडकवायच्या जागा तशा असतील तर हे जरूर करून बघा. मग खालच्या नळीखाली उघड्या तारा एकमेकींवरून फुलीसारख्या जातात, त्याने काही बिघडत नाही. शेजारच्या दोन केबल एकमेकींना केबल टायने हलकेच बांधल्या तर दोघी मिळून फ्रेमपासून थोड्या दूर राहतात. एकमेकींना म्हटलं हं, फ्रेमला नाही! फ्रेमला आवळलं की परत माझा मोजा. वरच्या आडव्या नळीजवळून उघडी तार जात असेल तर तिच्यात दोन-तीन छोट्या रबरी रिंगा ओवायच्या, म्हणजे तार नळीवर आपटत नाही. सायकलच्या दुकानात त्या सुट्या मिळतात.

एवढं करूनही जिथे टेकतं तिथे पारदर्शक फिल्म. सायकलवाले तिला 'हेलिकॉप्टर टेप' म्हणतात, कारण हेलिकॉप्टरच्या पात्यांची पुढची कड वाळूने झिजू नये म्हणून लावायची पॉलियुरेथेनची टेप तीच. व्हिएतनाम युद्धाच्या काळात ती त्यासाठी वापरात आली. इथे एक शंका येईल, मलाही आली: पॉलियुरेथेनही मऊच, मग ती लॅप का होत नाही? कारण ती फ्रेमवरून सरकत नाही. मोजा फ्रेमवर घसरत होता. फिल्म चिकटून एकजीव असते, घसरणं होतं ते केबल आणि फिल्मच्या मध्ये. कण फिल्मवर दाबला जातो, ती रबरासारखी दबते आणि परत वर येते. कणाला खरवडायला धारच मिळत नाही. झिजली तर फिल्म झिजते, आणि ती बदलता येते.

पण हे सगळं एकाच अटीवर. चिकटवताना खाली एकही कण राहता कामा नये, कडा उचलल्या जाता कामा नयेत. कड उचलली की आत धूळ, आणि पुन्हा तेच. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुवायचं, वाळवायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. फिल्मचे कोपरे कात्रीने गोल करायचे, चौकोनी कोपरा आधी उलतो. नळीवर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर साबणाच्या पाण्याचे दोन थेंब टाकलेला फवारा मारायचा, म्हणजे फिल्म सरकवून जागेवर आणता येते. मग मधून बाहेरच्या दिशेला जुन्या एटीएम कार्डाने पाणी ढकलून काढायचं. वाकणाच्या जागी हेअर ड्रायरची हलकी ऊब. त्यानंतर एक दिवस सायकल बाहेर काढायची नाही. (हा भाग सगळ्यात अवघड गेला.) विकत आणायची घाई करू नका. गाड्यांना पीपीएफ लावणाऱ्या दुकानात हीच फिल्म लावतात, कापताना पट्ट्या उरतात. मी जरा गोड बोलून विचारलं तर मूठभर पट्ट्या फुकट मिळाल्या. सेलोटेप आणि इन्सुलेशन टेप मात्र नको. उन्हात त्यांचा गोंद चिकट ओघळतो आणि धुळीला आमंत्रण देतो.

आणि एक वाईट सवय सोडा. फेरीवरून आल्यावर कोरड्या फडक्याने फ्रेम चकाचक पुसायची सवय. तेही लॅपिंगच. आधी पाणी, मग फडकं.

आता चेनकडे येऊ. इथे रोग वेगळा. केबल घासते, चेन आपटते. आपटण्याला पातळ फिल्म पुरत नाही, धक्का पोटात घेणारं जाड, मऊ काहीतरी लागतं. जुनी ट्यूब उभी कापून चेनस्टेवर अर्धी-अर्धी एकावर एक येईल अशी ताणून गुंडाळायची आणि दोन्ही टोकं केबल टायने बांधायची, हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि चांगलाही. बुधवार पेठेत इलेक्ट्रिकलच्या दुकानांत स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप मिळते, केबलच्या जोडावर लावतात ती. ती अजून सुबक बसते. खाली आधी फिल्मची एक पट्टी लावली तर उत्तम. पावसाळा संपला की ट्यूब सोडून आत बघायचं, कारण पाणी आत अडकून राहतं. पोलादी फ्रेम आतल्या आत गंजते, ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते.

नव्या सायकलींत हा त्रास मुळातच कमी आहे. मागच्या डिरेलरमध्ये क्लच बसवायला सुरुवात झाली ती २०११-१२ च्या सुमारास, आधी शिमानोने, मग स्रॅमने. क्लच डिरेलरचा हात पुढे झुकू देत नाही, म्हणून चेन ताणलेली राहते. दादाची सायकल त्यानंतरची असली तरी स्वस्तातली, तिला क्लच नाही. अशा सायकलवर उतारावर पुढची मोठी चेनरिंग लावून ठेवली तर चेन जास्त ताणली जाते आणि आपटणं कमी होतं.

आता मूळ मुद्दा. मला रात्री झोप लागत नव्हती ती हेड ट्यूबवरच्या त्या खाचेमुळे. दादा डिसेंबरात येणार होता. 'चालवण्याच्या अवस्थेत.' खाच पडलेली फ्रेम घाटात उतरताना मोडली तर? हा प्रश्न मी लॅबमध्ये विचारला तेव्हा लॅब असिस्टंट काका म्हणाले, "आधी मोज, मग रड."

खाचेत डायल गेजचा काटा नीट बसेना. मग काकांनीच युक्ती सांगितली. खाचेला तेलाचं बोट लावून वर एम-सील दाबलं, सुकल्यावर काढलं. खाचेचा उलटा ठसा मिळाला. तो आडवा कापून प्रोफाइल प्रोजेक्टरवर ठेवला. खोली ०.२ मिलिमीटर, तळाची गोलाई केबलच्या आउटरएवढी, २.५ मिलिमीटर त्रिज्या. एम-सील उरलं होतं, म्हणून सहज चेनस्टेवरच्या एका ओरखड्याचाही ठसा घेतला. चेनरिंगच्या अगदी मागे, नळीला आडवा गेलेला, जेमतेम नखाएवढा. तेलकट घाणीखाली दडलेला, मी त्याला कधी मोजलंही नव्हतं. खोली तीच, ०.२. पण तळ टोकदार: त्रिज्या ०.०५ च्या आसपास.

खाच पडल्यावर तिथला ताण कितीपट वाढतो याचा अंदाज इंग्लिस यांच्या १९१३ च्या सूत्राने येतो: १ अधिक, खोली भागिले तळाची त्रिज्या, याच्या वर्गमुळाची दुप्पट. केबलची खाच: ०.२ भागिले २.५ म्हणजे ०.०८, वर्गमूळ ०.२८, उत्तर साधारण १.६. चेनचा ओरखडा: ०.२ भागिले ०.०५ म्हणजे ४, वर्गमूळ २, उत्तर ५. सूत्र लंबवर्तुळाकार भोकासाठी आहे, इथे अंदाजापुरतंच. पण १.६ आणि ५!

मी तीन महिने चुकीच्या जखमेकडे बघत होते. जी मोठी, चकचकीत, कुरूप दिसत होती ती तळाला गोल होती आणि फारशी धोक्याची नव्हती. जी दिसतही नव्हती तिथे ताण पाचपट होता. शिवाय ती आडवी. नळी वाकते तेव्हा ताण लांबीच्या दिशेने येतो, म्हणून लांबीच्या दिशेचा ओरखडा परवडतो, आडवा परवडत नाही. त्यात ॲल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची मर्यादा नसते. ताण कितीही लहान असला तरी पुरेशा वेळा आला की भेग सुरू होऊ शकते. आणि प्रत्येक पायडलला चेनस्टे थोडी वाकतेच.

हा ओरखडा चेन आपटून पडत नाही. तो पडतो चेन वर ओढली जाऊन अडकली की. लहान चेनरिंगचे दाते झिजून आकड्यासारखे झाले, चेनमध्ये चिखल भरला, आणि चढावर जोर लावताना गिअर बदलला, की चेन दात्यावरून सुटत नाही. चेनरिंगबरोबर वर येऊन चेनरिंग आणि चेनस्टेच्या चिंचोळ्या फटीत घुसते. आणि आपण वरून जोर लावतच असतो. कठीण पोलादी चेन ॲल्युमिनियममध्ये नांगरासारखी जाते. तेव्हा 'कर्र' असा आवाज होऊन पायडल अडकलं तर तिथेच थांबा. पुढे रेटू नका, पायडल उलटं फिरवून चेन सोडवा. चेन किती झिजली ते स्टीलच्या पट्टीने कळतं. नव्या चेनच्या १२ कड्या, म्हणजे पिन ते पिन २४ अंतरं, बरोबर १२ इंच भरतात. त्याहून १/१६ इंच जास्त भरलं की चेन बदलायची, नाहीतर ती चेनरिंगचे दातेही खाते.

प्रश्न उरला, भेग आधीच सुरू झाली आहे का? काकांनी डाय पेनिट्रंटचे डबे काढले. ओरखड्याभोवतीचा रंग काढला, साफ केलं, लाल रंग फवारला. दहा मिनिटं थांबायचं. मग पुसून पांढरं डेव्हलपर. भेग असेल तर लाल रेघ पांढऱ्यावर फुटून येते. प्रॅक्टिकलला आम्ही हे एका जुन्या वेल्डवर केलं होतं, तेव्हा लाल रेघ आली म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या. इथे मी हात जोडून उभी. रेघ आली असती तर काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं: फ्रेम भंगारात, वेल्डिंग वगैरे विचारायचं नाही, कारण वेल्डच्या उष्णतेने टी६ ची ताकद जाते.

डेव्हलपर पांढरंच राहिलं. ओरखड्याचा तळ किंचित गुलाबी, बाजूला काही नाही. काकांनी दोनदा बघितलं, टॉर्च मारून परत बघितलं.

मग ओरखडा मऊ केला. विमानाच्या भागांवरचे ओरखडेही असेच उतरवतात: खोल जखम भरायची नाही, तिच्या कडा उतरवून ती उथळ वाटीसारखी करायची. ३२० चा वॉटर पेपर, मग ६००, घासण्याची दिशा नळीच्या लांबीची. तळाची त्रिज्या साधारण ५ मिलिमीटर झाली, खोली ०.२२. परत सूत्रात टाका: १.४. पाचावरून १.४ वर, तेही धातू काढून! उतरवून झाल्यावर पेनिट्रंट परत एकदा. मग वर रंग, त्यावर फिल्म, आणि त्या जागी पातळ स्टीलची पट्टी, म्हणजे परत चेन घुसली तर पट्टी खाईल. हे उथळ ओरखड्यालाच चालतं. नळीची जाडी एक-दीड मिलिमीटरच असते, त्यामुळे नख अडकून राहील इतकं खोल असेल तर घरी हात लावू नका. आणि कार्बनच्या फ्रेमवर चुकूनही नाही. तिथे ताकद तंतूंत असते, घासलं की तंतूच कापले जातात.

दादा डिसेंबरात आला. मी त्याला आधी हेड ट्यूबची खाच दाखवली, मोज्याची गोष्ट सांगितली आणि बोलणी खायला तयार राहिले. तो हसला. मग चेनस्टे दाखवली तेव्हा मात्र गप्प झाला. खाली बसून पट्टीवरून बोट फिरवत राहिला.

"अगं, हा ओरखडा माझा आहे," तो म्हणाला. "एका पावसाळ्यात चढावर चेन अडकली होती. मी तसाच रेटला, आणि मग विसरून गेलो." म्हणजे ती जखम घेऊन तो कितीतरी पावसाळे घाट उतरला, आणि माझ्या हातात देताना 'बिनधास्त' म्हणाला.

लहान चेनरिंगचे दाते अजून तसेच आहेत, २२ दात्यांची नवी मागवली आहे. ती येईपर्यंत आम्ही दोघं मधलीच चेनरिंग वापरतो आणि चढावर धापा टाकतो. पीपीएफच्या पट्ट्या बऱ्याच उरल्यात. ज्यांना हव्या त्यांनी मेकॅनिकलच्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये काकांकडे विचारा, ड्रॉवरमध्ये ठेवल्या आहेत. खडू स्वतःचा आणा.